आप्पांचा खांदा, आईची मान

हल्ली मी खांदेदुखीसाठी ज्या बाईंकडे जाते, त्या पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "खांदे खाली सोडा बघू. नुसते कानाला लावून बसलाय." मला हसू फुटलं. त्यांना वाटलं, मी त्यांची चेष्टा करतेय. खांदे कानाला लावून बसणं आमच्या घरात वारशानं आलंय, हे त्यांना काय सांगणार? आणि ते खाली कसे आणायचे, तेही घरात बघितलंय.

आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, सरकारी लाल गाडीवर ड्रायव्हर होते. सकाळी कोल्हापुरातून निघायचं, गगनबावड्यावरून घाट उतरून कोकणात जायचं आणि दिवेलागणीला परत यायचं, ही त्यांची ठरलेली गाडी. घाटाचा ड्रायव्हर म्हणून गल्लीत त्यांना मान होता आणि तो त्यांना आवडायचा. तेही माणूसच होते.

मी सहावीत असताना एका पावसाळ्यात घाटात त्यांच्या गाडीसमोर दरड कोसळली. आप्पांनी गाडी थांबवली. पुढचं चाक दरीकडच्या कठड्याला टेकलं होतं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. उतारूंनी आप्पांना नारळ दिला, आईनं त्याच्या वड्या करून गल्लीत वाटल्या. कुणी काही विचारलं की आप्पा एवढंच म्हणायचे, "काय न्हाय झालं. थांबली की गाडी."

असं 'काय न्हाय झालं' म्हणता म्हणता महिना उलटला आणि त्यांचा उजवा खांदा धरला. आधी सदऱ्याच्या बाहीत हात घालताना तोंड वाकडं व्हायला लागलं. मग हात छातीच्या वर जाईना. त्या काळच्या गाडीचं स्टिअरिंग वळवायचं म्हणजे जातं ओढायचं काम. एका सकाळी आप्पा डेपोतून माघारी आले आणि भिंतीला टेकून बसले. गाडी दुसऱ्या कुणाला तरी दिली होती. आप्पांना चौकशीच्या खिडकीत बसवलं. पावसाळा संपेपर्यंत खांदा सुटला तर गाडी परत मिळणार होती, नाही सुटला तर खिडकीच नशिबात होती.

मग गल्लीनं आप्पांचा खांदा ताब्यात घेतला. कुणी निरगुडीचा पाला आणला, कुणी रुईच्या पानाला तेल लावून शेकायला सांगितलं. एकानं तर घोरपडीचं तेल म्हणून जे काही आणून दिलं, त्याचा वास आमच्या वाकळेला दिवाळीपर्यंत होता. आई रोज वीट तापवायची, फडक्यात गुंडाळून खांद्यावर धरायची. आप्पा डोळे मिटून शेक घ्यायचे आणि शेकून झालं की हात होता तिथंच.

शेवटी ते शाहूपुरीतल्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर शांत माणूस. त्यांनी खांद्याचा फोटो काढायला लावला, तो उजेडात धरून बघितला. हाडात काही नव्हतं. "मनावरचा ताण खांद्यात जाऊन बसलाय," ते म्हणाले. "दुखणं खरं आहे, नाटक नाही. गोळ्या देतो, थोडा व्यायाम सांगतो. आणि तुमच्या गल्लीत तालीम आहे ना? तिथं मालीश घ्या. काही मोडलं असतं तर नको म्हटलं असतं. इथं माणसाचा हात लागू दे."

डॉक्टरांचं बोलणं घरापर्यंत येता येता त्यातलं निम्मंच उरलं. गल्लीला एवढंच कळलं, की फोटोत काही नाही आणि दुखणं मनाचं आहे. म्हणजे नाटक! नारळाच्या वड्या खाल्लेलीच माणसं कट्ट्यावर बसून म्हणायला लागली, "भ्यालाय गडी. घाट नगं वाटतोय, म्हणून खांदा धरलाय." मला अजून त्या माणसांचा राग येतो. त्यातली बरीचशी आता हयात नाहीत, तरी येतो.

आमच्या गल्लीतल्या तालमीचे वस्ताद मुसलमान होते. एके काळी मोठे पैलवान. आता गुडघे गेलेले, पण हात अजून शाबूत. आम्ही मुलं त्यांना वस्तादचाचा म्हणायचो, आणि त्यांच्या घरच्या बाईंना चाची. त्यांचं घर आमच्या घराला लागून, मधली भिंत एकच. आमच्या घरात पेला पडला तरी चाची पलीकडून विचारायची, "काय सांडलं गं?"

तालमीत बायकांनी पाऊल ठेवायचं नाही, हा नियम होता. पण आखाड्याची जमीन रस्त्यापेक्षा खोल आणि खिडकी गल्लीच्या बाजूला, अगदी खाली. खिडकीतून बघायचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. आप्पा पहिल्यांदा तालमीत गेले त्या सकाळी मी त्या खिडकीशी उकिडवी बसले होते.

आत आखाड्याची तांबडी माती नुकतीच उकरलेली होती. तालमीची माती म्हणजे साधी माती नव्हे. तिच्यात ताक घालतात, तेल घालतात, हळद, कापूर, लिंबू घालतात, आणि ती वर्षभर अशी सांभाळतात की तिला हात लावला तर मऊ पिठासारखी लागावी. वस्तादांनी आप्पांना रगडलंच नाही. कडेला खड्डा करून त्यांना उताणं झोपवलं आणि गळ्यापर्यंत माती ओढली. वर फक्त आप्पांचं तोंड उरलं, डोळे मिटलेलं. मी भोकाड पसरलं.

वस्तादांनी वर बघितलं. "ए पोरी, रडतीस कशाला? बापाला पेरलंय. उगवंल की!"

आप्पांचं तोंड हसलं. दरडीच्या दिवसापासून ते पहिल्यांदा हसले असतील. थोड्या वेळानं त्यांना झोप लागली. घरात रात्र रात्र कूस बदलणारा माणूस त्या गार मातीत दिवसाढवळ्या घोरायला लागला आणि भोवताली जोर काढणारे पैलवान त्यांचं घोरणं मोडू नये म्हणून हळू श्वास टाकायला लागले. मी रडायची थांबले.

मग रोजचंच झालं. माती, तेल, मालीश. वस्तादांचा हात जड, पण घाई नसलेला. मालीश करताना ते बोलायचे नाहीत. फक्त एक करायचे. आप्पांचा खांदा आपोआप वर चढायचा, दुखेल या भीतीनं कानाकडे जायचा. तो चढला की वस्ताद त्यावर बोटांनी हलकेच ठोकायचे आणि म्हणायचे, "सोड." आप्पा खांदा सोडायचे. थोड्या वेळानं पुन्हा चढायचा, पुन्हा ठोका. नंतर "सोड" म्हणायचीही गरज उरली नाही, ठोक्यावरच खांदा खाली यायचा.

आठवडाभरानं वस्ताद उठून म्हणाले, "आता उठ. त्या पैलवानाचं अंग रगड."

आप्पा म्हणाले, "वस्ताद, हात कुठं उचलतोय माझा?"

"उचलायला कोण सांगतंय? दाबायचंय. तालमीत नुसतं घेऊन कुणी जात न्हाय मर्दा. घेतलंस, आता दे."

ती तालमीची रीतच होती. जोडीजोडीनं एकमेकांचं अंग रगडायचं. थोरला असो की नवखा, ज्यानं घेतलं त्यानं द्यायचं. आप्पा कुरकुरत एका आडदांड पैलवानाच्या पाठीवर वाकले. डाव्या हातावर जोर, उजवा नुसता ठेवलेला. पण दुसऱ्याच्या पाठीवर लक्ष लागलं की आपल्या खांद्याकडे बघायला माणसाला सवड राहत नाही. काही दिवसांत उजवा हातही दाबायला लागला, मग सरकायला लागला. सगळं त्या मातीनं केलं असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, व्यायाम चालू होता, झोप लागत होती. पण खिडकीतून मी बघत होते. आप्पा तालमीत शिरायचे वेगळे आणि बाहेर पडायचे वेगळे.

श्रावण संपत आला होता. एका सकाळी आई चहाला गूळ मागत होती. गुळाचा डबा फळीवर, वरच्या अंगाला. मी स्टूल ओढायला गेले तर आप्पांनी उजवा हात वर केला आणि डबा काढून आईच्या पुढ्यात ठेवला. मी टाळ्या पिटल्या. भिंतीपलीकडून चाची ओरडली, "काय झालं गं?" मी ओरडले, "आप्पांनी डबा काढला!" चाचीनं तिकडून अल्लाचे आभार मानले, ते आम्हाला इकडे ऐकू आले.

आई डब्याकडे बघत राहिली. हसली ती, पण त्याच संध्याकाळी तिनं सहाण काढली आणि सुंठ उगाळायला बसली.

आईचं डोकं दुखायचं. मानेतून कळ निघायची आणि डोळ्यामागे जाऊन थांबायची. मग ती कपाळाला सुंठेचा लेप लावायची, वरून फडकं आवळून बांधायची आणि तशीच भाकऱ्या थापायची. मला वाटायचं, आयांची डोकी दुखतातच. पण त्या दिवशी मला जाणवलं, की आप्पा चौकशीच्या खिडकीत बसायला लागल्यापासून सहाण फळीवरून खाली आलीच नव्हती. आप्पांचा खांदा सुटायला लागला आणि आईचं डोकं धरायला लागलं. पुढच्या पंधरवड्यात तर असं झालं, की ज्या दिवशी आप्पांचा हात जास्त वर जाई, त्या दिवशी सुंठेचा वास जास्त येई.

आप्पांनाही ते दिसलं. ते वस्तादांना म्हणाले, "घरात मालकिणीचं डोकं थांबंना झालंय. काय करावं?"

वस्ताद म्हणाले, "मला काय इचारतोस? तुला हात दिलाय की आता."

इथं आप्पांचा घोटाळा झाला. त्यांना मालीश येत होती, पण फक्त पैलवानांची. दुसरी कुठली असते हे त्यांना कोण सांगणार? त्या संध्याकाळी त्यांनी आईला वाकळेवर पालथं झोपायला लावलं. ती नको नको म्हणत होती, दार लावा म्हणत होती. मला तेलाची वाटी धरून बसवलं. आप्पांनी तेल ओतलं, हातावर हात चोळले आणि आईच्या पाठीवर तालमीतल्यासारख्या थापट्या सुरू केल्या. फाट! फाट! फाट! शिवाय तोंडानं पैलवानांना देतात तसा हुंकार. आईच्या तोंडून "आई गं!" निघालं, ते भिंतीपलीकडे गेलं.

दार धाडकन उघडलं. चाची, हातात लाटणं, पदर खोचलेला. "भाऊजी! लाज हाय का? चांगल्या बाईमाणसावर हात टाकताय?"

आप्पा तेलकट हात वर करून उभे. दोन्ही हात, सरळ डोक्याच्या वर! खांदा धरल्यापासून उजवा हात इतका वर गेला नव्हता. चाची लाटणं रोखून. आणि वाकळेवर आई तोंड खुपसून गदागदा हलत होती. चाची धावली, तिला वाटलं रडतेय. उलटं करून बघते तर आई हसत होती. डोळ्यांतून पाणी, शब्द फुटेना. मग चाचीही मटकन बसली आणि हसायला लागली. "मालीश करतोय तिची," आप्पा पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि ते जितकं सांगत तितक्या या दोघी जास्त हसत. आईला मी तशी हसताना आधी कधी पाहिलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं, की तेलाची वाटी कलंडली तेही कळलं नाही.

चाची जाताना म्हणाली, "अवं, पीठ मळताना हात कसा लावत्यात, तसा लावा. म्हस धुताय काय?"

ती गेल्यावर आप्पा परत बसले. आता त्यांचे हात घाबरलेले होते. त्यांनी आईच्या मानेवर अंगठे नुसते ठेवले आणि थोड्या वेळानं म्हणाले, "हितं काय गं हे? दगड हाय की नुसता."

"घाट हाय त्यो," आई म्हणाली.

आप्पांचे अंगठे थांबले.

"तुमचाच घाट," आई वाकळेत तोंड ठेवून बोलत होती. "तुम्ही उतरून घरला येता, त्यो माझ्या मानंत ऱ्हातो. पाऊस लागला की दुपारपासनं दात आवळून बसतो मी. तुम्ही खिडकीत बसाय लागला तवा देवाला म्हनायचो, ह्यांचा खांदा बरा कर. आन् बरा व्हाया लागला तर भ्या वाटतंय. असली कसली बायकू मी?"

आमच्याकडे बायकाही येतो, जातो, म्हनतो असंच बोलतात. पण मनातलं एवढं आई कधी बोलत नसे. मला वाटलं, आप्पा रागावतील.

आप्पा रागावले नाहीत. हळूहळू तिच्या मानेवरून अंगठे फिरवत म्हणाले, "मलाबी भ्या वाटतंय की."

मग त्यांनी सांगितलं. गाडी थांबली तेव्हा समोर माती आणि दगड होते, डाव्या हाताला दरी, आणि मागच्या बाकावर कुणाचं तरी तान्हं रडत होतं. बाकी सगळी गाडी गप्प होती. त्यांना स्टिअरिंग सोडता येईना. कंडक्टरनं त्यांची बोटं एक एक करून सोडवली. "हे कुणाला सांगू?" आप्पा म्हणाले. "नारळ देत हुती मानसं."

आईनं हात मागे नेला आणि त्यांच्या मनगटावर ठेवला. चुलीवरची आमटी करपली, तीच आम्ही जेवलो.

त्या दिवसापासून आमच्या घरात तालमीची रीत सुरू झाली. घेतलं की द्यायचं. संध्याकाळी आधी आप्पा आईची मान चोळायचे, चाचीनं सांगितलं तसं, पीठ मळल्यासारखं. मग आई आप्पांचा खांदा. आईला त्या खांद्याचं सगळं कळायला लागलं. घाटाचं नुसतं नाव निघालं तरी तो वर चढतो, हे तिला हाताखाली लागायचं. मग ती वस्तादांसारखंच बोटांनी ठोकायची. खांदा खाली यायचा. गल्लीत बोभाटा झाला, की अमुक ड्रायव्हर बायकोची मान चोळतो. कट्ट्यावर हसले असतील. आप्पांनी फिकीर केली नाही. आईचं डोकं अजिबात दुखायचं थांबलं असं नाही. पण सहाण परत फळीवर गेली, आणि खाली आलीच तर आईला आता ती का आली ते माहीत असायचं.

भाद्रपदात डॉक्टरांनी हात सगळीकडे फिरवून बघितला आणि गाडी चालवायला हरकत नाही असं सांगितलं. डेपोनं आप्पांना त्यांची गाडी परत दिली.

आदल्या दिवशी जेवताना आई म्हणाली, "मीबी येतो उद्या. तिकीट काढून. पोरीला घेऊन."

"कशाला?"

"मी घाट बघितलाच न्हाय अजून. न बघितलेल्याला किती दिस भ्यायचं?"

आप्पांनी नाही म्हणून बघितलं. पण आई ठरवून बसली होती, आणि ठरवल्यावर आईपुढे आमच्या घरात कुणाचं चालत नसे.

आम्ही ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर बसलो. त्या गाड्यांत ड्रायव्हरची जागा पत्र्यानं वेगळी केलेली असायची, वर लोखंडी जाळी. जाळीतून आप्पांची पाठ दिसत होती. रस्त्यात उसाची शेतं, भाताची खाचरं, मी खिडकीला चिकटलेली. आईनं बाहेर बघितलंच नाही. ती जाळीतून एकाच गोष्टीकडे बघत होती, आप्पांच्या उजव्या खांद्याकडे.

गगनबावड्याला धुकं होतं. गाडी पुढे निघाली, घाट सुरू झाला. ओला काळा कडा एका बाजूला, दुसऱ्या बाजूला नुसतं पांढरं. आईनं माझा हात धरला होता, तो दुखायला लागला, पण मी सोडवला नाही. आप्पा वळणं घेत होते, अगदी सावकाश. मग एक वळण आलं जिथं कठडा नवा बांधलेला होता, चुना ताजा. मला कुणी सांगितलं नाही, तरी कळलं.

आप्पांचा खांदा वर चढायला लागला. हळूहळू, कानाकडे. मान आखडली. गाडीचा वेग आणखी कमी झाला, इतका की मागून कुणीतरी म्हणालं, "काय झालं ओ पावणं?"

आईनं हात पुढे केला आणि जाळीखालच्या पत्र्यावर बोटांनी ठोकलं. हलकेच. इंजिनाच्या आवाजात ते ऐकू जाईल असं मला वाटलं नव्हतं.

आप्पांचा खांदा खाली आला.

गाडी वळली. नवा कठडा मागे गेला. आईनं पुन्हा एकदा पत्र्यावर ठोकलं आणि मग बाकाला पाठ टेकली. माझा हात सुटला. तिनं खिडकीबाहेर बघितलं, बघत राहिली, आणि म्हणाली, "किती पाणी पडतंय गं कड्यावरनं. छान हाय की."

खाली वैभववाडीला गाडी थांबली. आप्पा त्यांच्या दारानं उतरून आमच्या खिडकीखाली आले. कपाळावर घाम होता, पण हात मोकळे लोंबत होते. त्यांनी मला चहाबरोबर बिस्किटं घेऊन दिली, आईच्या हातात कप दिला, आणि मग जरा लाजल्यासारखं विचारलं, "पुन्यांदा कशाला ठोकलंस गं? पयल्यालाच सोडला की मी खांदा."

आईनं चहा फुंकला.

"पयला तुमच्यासाठी हुता," ती म्हणाली. "दुसरा माझ्यासाठी."